भाषा कोणाची? मध्ययुगीन सर्बियन पोथ्यांतल्या प्राणिकथा वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक बारा पानांचं टिपण लिहिलं होतं. विषय होता ‘स्तेफानित आणि इख्निलात’ या प्राणिकथांच्या ग्रंथाची सर्बियन पोथ्यांतली भाषा. शब्दरूपं मोजली, तक्ते केले आणि शेवटी ठामपणे लिहून टाकलं की भाषा सर्बियन वळणाची आहे, त्या अर्थी भाषांतरकारही सर्बियन होता. टिपण परत आलं तेव्हा त्या शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात माझ्या मार्गदर्शक बाईंच्या अक्षरात दोनच शब्द होते: ‘भाषा कोणाची?’

खरं सांगते, मला प्रश्नच कळला नव्हता. ग्रंथाची भाषा म्हणजे ज्यानं तो लिहिला त्याची, एवढं सरळ मी धरून चालले होते. तो प्रश्न कळायला मला जवळपास वर्ष लागलं. तुमच्यापैकी जे जुन्या हस्तलिखितांवर काम करायचं म्हणताय, त्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हा लेख. तुमचा विषय सर्बियन नसेल, तरी प्रश्न तुम्हाला भेटणारच आहे.

आधी ओळख: ही कथा आपल्या ओळखीची आहे

स्तेफानित आणि इख्निलात ही दोन श्वापदांची नावं आहेत. त्यांचा राजा सिंह आहे. जंगलात एक बैल येतो, त्याच्या डरकाळीनं सिंह घाबरतो, मग त्या दोघांची मैत्री होते, आणि इख्निलात मध्ये पडून ती मैत्री तोडतो. बैल मारला जातो. ओळख पटली ना? हा पंचतंत्रातला ‘मित्रभेद’. स्तेफानित म्हणजे आपला करटक आणि इख्निलात म्हणजे दमनक.

पंचतंत्राची ही कथा दक्षिणेतल्या महिलारोप्य नगरातून निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या बैलापासून सुरू होते. तिथून बाल्कनमधल्या मठांपर्यंतचा तिचा प्रवास थोडक्यात असा: सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवानच्या दरबारातल्या बुर्झोय नावाच्या वैद्यानं ती पहलवी भाषेत नेली. आठव्या शतकाच्या मध्याला इब्न अल-मुकफ्फानं ती पहलवीतून अरबीत आणली, तोच ‘कलीला व दिम्ना’. अकराव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलमध्ये सिमिऑन सेथ यानं ती अरबीतून ग्रीकमध्ये आणली. आणि त्या ग्रीकवरून तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास ती चर्च स्लाव्हॉनिकमध्ये आली. हे भाषांतर दक्षिण स्लाव्ह प्रदेशात झालं याबद्दल फारसा वाद नाही. नेमकं कुठे, यावर मात्र मतं आहेत. बऱ्याच अभ्यासकांचा कल बल्गेरियाकडे आहे, काहींचा अ‍ॅथॉसच्या मठांकडे. नकला मात्र सर्बियन वळणाच्या आहेत तशा रशियन वळणाच्याही आहेत.

‘वळण’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. चर्च स्लाव्हॉनिक ही धर्माची आणि ग्रंथांची सामाईक भाषा होती. ती घरी कोणी बोलत नव्हतं. पण प्रत्येक प्रदेशातला लेखनिक ती आपल्या जिभेनं वाचायचा आणि आपल्या कानानं लिहायचा. म्हणून एकच ग्रंथ सर्बियात उतरवला की सर्बियन दिसायला लागतो आणि नोव्हगोरोदला उतरवला की रशियन. नेमक्या इथेच मी घसरले होते.

नावांत लपलेला उच्चार

सुरुवात सोप्या गोष्टीपासून करू. नावं.

संस्कृतातली करटक-दमनक ही नावं अरबीत कलीला-दिम्ना झाली. म्हणजे ती भाषांतरित झाली नाहीत, झिजली. सिमिऑन सेथनं मात्र वेगळं केलं. त्याला ‘कलीला’त अरबी ‘इक्लील’ म्हणजे मुकुट ऐकू आला, म्हणून त्यानं ‘स्तेफानितेस’, मुकुटवाला, असं ग्रीक नाव दिलं. ‘दिम्ना’त त्याला वस्ती उठून गेल्यावर मागे राहणाऱ्या खुणांचा अरबी शब्द दिसला, म्हणून ‘इख्नेलातेस’, मागोवा घेणारा. दोन्ही व्युत्पत्ती चुकीच्या. मूळ नावांचा मुकुटाशी किंवा खुणांशी काही संबंध नाही. पण त्या चुकीतून आपल्याला एक पक्की गोष्ट कळते: सेथच्या समोर अरबी शब्द होते आणि तो त्यांचा अर्थ लावत होता.

आता स्लाव्हॉनिक भाषांतरकार काय करतो बघा. तो नावांचा अर्थ लावतच नाही, नुसती उतरवतो: स्तेफानित, इख्निलात. ग्रीक शेपूट ‘-एस’ गळतं. आणि ‘इख्नेलातेस’मधला ‘ने’ हा ‘नि’ होतो. का? तिथे ग्रीकमध्ये ‘एटा’ हे अक्षर आहे. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा उच्चार दीर्घ ‘ए’ होता, बायझंटाइन काळात तो ‘इ’ झाला होता. म्हणजे भाषांतरकारानं त्या काळची बोलली जाणारी ग्रीक ऐकलेली किंवा शिकलेली होती. एका अक्षरावरून एवढं सांगता येतं.

आणि हे अक्षर भाषांतरकाराचं आहे, नकलकाराचं नाही, असं मी का म्हणू शकते? कारण सर्बियन आणि रशियन, दोन्हीकडच्या परंपरेत नाव ‘इ’नंच येतं. दोन वेगळ्या फांद्यांवर एकच खूण दिसली, तर ती बहुतेक खोडावरची असते. हा नियम वहीत लिहून ठेवा. पुढे लागेल.

जाता जाता आणखी एक. सर्बियाच्या नेमान्यिच घराण्यातल्या राजांच्या नावापुढे ‘स्तेफान’ लागायचं, आणि १२१७ मध्ये राज्याभिषेक झालेला स्तेफान ‘प्रथम-मुकुटधारी’ म्हणूनच ओळखला जातो. अशा देशातल्या वाचकाला ‘स्तेफानित’ हे नाव राजदरबारी वाटलं असेल, असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं आहे, पुरावा नव्हे. टिपणात या दोन गोष्टी वेगळ्या रंगाच्या शाईनं लिहायची सवय मला त्या पेन्सिलीच्या रेघेनंतर लागली.

सिंह कसा लिहिलाय?

कथेतला राजा सिंह आहे, त्यामुळे त्याचं नाव पानोपानी येतं. भाषेच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळत नाही.

जुन्या स्लाव्हॉनिकमध्ये ‘येर’ नावाचे दोन अतिशय आखूड स्वर होते, एक कठोर आणि एक मृदू. सिंहासाठीच्या शब्दात ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये असाच एक मृदू येर होता. पुढे हे स्वर काही जागी गळाले आणि काही जागी पूर्ण स्वर झाले. पण प्रत्येक भाषेत वेगळे. रशियनमध्ये सिंह ‘ल्येव’ झाला, सर्बियनमध्ये ‘लाव’. दिवस रशियनमध्ये ‘द्येन’, सर्बियनमध्ये ‘दान’. झोप रशियनमध्ये ‘सोन’, सर्बियनमध्ये ‘सान’. दिवसाच्या शब्दात मूळचा मृदू येर, झोपेच्या शब्दात कठोर. रशियननं दोन्ही वेगळे राखले. सर्बियनमध्ये मात्र दोन्ही आधी एकमेकांत मिसळले आणि मग दोन्हीचा ‘आ’ झाला.

म्हणूनच जुन्या सर्बियन पोथ्यांत दोन येरांऐवजी एकच अक्षर सगळीकडे दिसतं. लेखनिकाच्या कानाला दोन आवाज ऐकू येतच नव्हते, तर दोन अक्षरं कशाला ठेवायची? आणि चौदाव्या शतकापासून पुढे मधूनमधून त्या येराच्या जागी चक्क ‘आ’ लिहिलेला दिसायला लागतो. ती जागा म्हणजे लेखनिक पुस्तकी भाषा लिहिता लिहिता घरच्यासारखा बोलून गेलेला असतो.

दुसरी खूण अनुनासिक स्वरांची. जुन्या स्लाव्हॉनिकमध्ये नाकातून उच्चारायचे दोन स्वर होते, ढोबळमानानं ‘एँ’ आणि ‘ओँ’. सर्बियनमध्ये ‘एँ’चा ‘ए’ झाला, ‘ओँ’चा ‘उ’. रशियनमध्ये ‘एँ’चा ‘या’ झाला, ‘ओँ’चा ‘उ’. म्हणून मांस सर्बियनमध्ये ‘मेसो’, रशियनमध्ये ‘म्यासो’. आणि जीभ, म्हणजेच भाषा, सर्बियनमध्ये ‘येझिक’, रशियनमध्ये ‘याझिक’.

माझ्या बारा पानांतले सगळे तक्ते याच खुणांचे होते. ‘ए’ इतक्या वेळा, ‘उ’ इतक्या वेळा, एकच येर सगळीकडे. सगळं अचूक मोजलेलं. फक्त ही सगळी भाषा शेवटच्या नकलकाराची होती. भाषांतरकार बल्गेरियन असता, ग्रीक असता, तरी सर्बियन लेखनिकानं उतरवलेल्या पोथीत हेच आकडे आले असते. मी घराला दिलेल्या रंगावरून घर बांधणाऱ्याचं गाव सांगत होते.

मग मूळ भाषांतरकार सापडतो कुठे?

नकलकार जिथे चुकतो, तिथे.

समजा सर्बियन लेखनिकासमोर बल्गेरियन वळणाची पोथी आहे. मध्ययुगीन बल्गेरियनमध्ये त्या दोन अनुनासिक अक्षरांची अदलाबदल व्हायची. ठरावीक ध्वनींनंतर जिथे ‘एँ’ हवा तिथे ‘ओँ’चं अक्षर लिहिलं जायचं. भाषेसाठीचा शब्दच घ्या, तिथेही सुरुवातीला ‘ओँ’चं अक्षर येऊ शकायचं. आता आपल्या सर्बियन लेखनिकानं मनाशी नियम ठरवलाय: या अक्षराचा ‘उ’ करायचा, त्या अक्षराचा ‘ए’. शब्द ओळखीचा असला तर तो सरळ ‘येझिक’ लिहील. पण थकलेला असेल, वाक्य कळलं नसेल, तर यंत्रासारखा नियम लावेल आणि ‘उझिक’च्या जातीचं एखादं रूप कागदावर उतरेल. असं रूप सर्बियन नाही, बल्गेरियन नाही, कोणाच्याच तोंडचं नाही. ते फक्त दोन वळणांच्या सांध्यावर जन्माला येऊ शकतं. अशा जागा पुरेशा आणि विखुरलेल्या सापडल्या, तर या पोथीच्या मागे कुठेतरी बल्गेरियन वळणाची पोथी होती हे कळतं.

लक्षात आलं का? शेकडो बरोबर रूपं जे सांगत नाहीत, ते मोजकी चुकलेली रूपं सांगतात. आणि आपण विद्यार्थी काय करतो? अशी रूपं ‘लेखनिकाचा प्रमाद’ म्हणून बाजूला ठेवतो, कारण ती तक्त्यात बसत नाहीत. मीही ठेवली होती. एका वेगळ्या फाइलमध्ये, ‘किरकोळ’ असं नाव देऊन.

वाक्याची ठेवण: सति सप्तमीची चुलत बहीण

शब्दरूपं नकलकार बदलतो, पण वाक्याची बांधणी बदलायला त्याला जास्त कष्ट पडतात. म्हणून शैलीच्या खालच्या थरात भाषांतरकार जास्त टिकतो.

संस्कृत शिकलेल्यांना सति सप्तमी माहीत आहे: ‘सूर्ये अस्तं गते’, सूर्य मावळला असता. ग्रीकमध्ये हेच काम षष्ठीत होतं. आणि चर्च स्लाव्हॉनिकमध्ये चतुर्थीत: नाम आणि धातुसाधित दोन्ही चतुर्थीत ठेवून ‘सूर्याला मावळलेल्याला’ अशासारखी रचना. भाषांतरकार ग्रीक षष्ठी पाहतो आणि ती जशीच्या तशी न उचलता आपल्या पुस्तकी भाषेतली चतुर्थी ठेवतो. म्हणजे तो शब्दाला शब्द ठेवणारा हमाल नव्हता. त्याला दोन्ही भाषांची व्याकरणं माहीत होती.

बोलीत मात्र ही रचना जिवंत नव्हती. तिथे साधं ‘जेव्हा’ वापरून वाक्य करत. म्हणून एकाच कथेच्या दोन नकलांत एकीकडे चतुर्थी आणि दुसरीकडे ‘जेव्हा’ दिसलं, तर थांबा. मध्ये कोणीतरी ऐकणाऱ्यांचा विचार केलेला असू शकतो.

तशीच गोष्ट द्विवचनाची. संस्कृतात द्विवचन आहे, अरबीतही आहे. सेथच्या काळच्या ग्रीकमध्ये ते राहिलं नव्हतं. जुन्या स्लाव्हॉनिकमध्ये होतं. त्यामुळे या दोन श्वापदांबद्दलच्या वाक्यांत द्विवचन आलं, तर ते ग्रीकवरून आलेलं नसतं. ते स्लाव्ह भाषांतरकारानं आपल्या भाषेच्या शिदोरीतून घातलेलं असतं. पुढच्या नकलांत त्याचं हळूहळू अनेकवचन होतं. दोघं ‘दोघं’ म्हणून कधीपर्यंत टिकतात, ही नोंद मी आता प्रत्येक पोथीसाठी ठेवते.

ग्रीक वाक्यात दुसऱ्या जागी येणारी छोटी अव्ययं, ‘दे’ आणि ‘गार’, स्लाव्हॉनिकमध्ये ‘झे’ आणि ‘बो’ होऊन बहुधा त्याच जागी बसतात. आपल्या ‘तर’ आणि ‘कारण’सारखी. ती इतकी छोटी असतात की नजर त्यांच्यावरून घसरते. पण गोष्टीत गोष्ट, तिच्या पोटात तिसरी गोष्ट अशी रचना असते तेव्हा आता कोण बोलतंय याचा धागा ‘झे’, ‘बो’ आणि ‘तो म्हणाला’ हीच सांभाळतात. पंचतंत्रात गद्य आणि श्लोक यांचा फरक हा धागा सांभाळायला मदत करतो. अरबीत श्लोकांचंही गद्य झालं, आणि पुढे ग्रीकमध्ये, स्लाव्हॉनिकमध्ये तसंच चालत आलं. म्हणून या पोथ्यांची शैली ‘साधी’ आहे असं लिहिण्याआधी दोनदा विचार करा. श्लोक काढून घेतल्यावर कथा उभी ठेवायची तर असे छोटे टेकू लागतात.

दोन सिंह

आता ‘नीतिकथा’ या शब्दाबद्दल. सर्बियन पोथ्यांत प्राण्यांचा आणखी एक ग्रंथ आहे, ‘फिझिओलोग’. मूळ ग्रीक, ख्रिस्ती युगाच्या पहिल्या काही शतकांतलं. स्तोयान नोवाकोविच यांनी त्याची एक सर्बियन संहिता १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थच चालणाऱ्या आणि उडणाऱ्या प्राण्यांविषयीचं कथन असा आहे.

तिथेही सिंह आहे. तो शेपटीनं आपले माग पुसतो, उघड्या डोळ्यांनी झोपतो, आणि लगेच त्याचा अर्थ सांगितला जातो: हा ख्रिस्त. शैली ठरलेली. आधी प्राण्याचा स्वभाव, मग त्याचा उलगडा, आणि बरेचदा थेट माणसाला उद्देशून उपदेश. वाचकाला शंका घ्यायला जागाच नाही.

‘स्तेफानित’मधला सिंह मात्र कानाचा हलका राजा आहे. त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. प्रत्येक पात्र आपल्या बाजूनं सुभाषित फेकतं. कपटी इख्निलातही ज्ञानाच्याच गोष्टी बोलतो, आणि त्या ऐकायला खऱ्या वाटतात. नीती इथे वादात सापडते.

पंचतंत्रात दमनकाचं काही वाकडं होत नाही. तो जिंकतो. इब्न अल-मुकफ्फानं त्यात दिम्नाच्या खटल्याचं नवं प्रकरण घातलं आणि त्याला शिक्षा झाली. तो खटला ग्रीकमधून स्लाव्हॉनिकमध्येही आला. म्हणजे सर्बियन वाचकापर्यंत पोचलेल्या कथेत कपटाला शिक्षा आहे, पण ती शिक्षा सर्बियन मठानं दिलेली नाही. ती त्याआधी साताठशे वर्षांपूर्वी... थांबा, इथेही मी एकदा चुकले होते. सहाव्या शतकातल्या बुर्झोयच्या खात्यावर मी ती टाकली होती. ती आठव्या शतकातल्या अरबी गद्यकाराची. आणि मी आधी काय लिहिलं होतं? ‘ख्रिस्ती प्रभावामुळे कथेचा शेवट नैतिक झाला.’ भाषेबाबत केलेली चूक मी आशयाबाबतही केली होती. समोरच्या पोथीत जे दिसलं, ते शेवटच्या हाताचं मानलं होतं. तिथे शेवटच्या हाताचं पहिल्याच्या नावावर, इथे मधल्या हाताचं शेवटच्याच्या नावावर.

अक्षराची भीती आणि मोकळीक

लेखनिक इतकं बदलत होते, तर कोणी काही म्हणत नव्हतं का? म्हणत होते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, डेस्पॉट स्तेफान लाझारेविचच्या सर्बियात, कॉन्स्टंटिन कोस्तेनेचकी नावाचा बल्गेरियातून आलेला विद्वान होता. त्यानं अक्षरांविषयी एक आख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की अक्षर चुकलं की अर्थ चुकतो आणि अर्थ चुकला की माणूस पाखंडात जातो. लेखन ही त्याच्या मते शासनानं लक्ष घालावं अशी बाब होती. त्या काळातल्या रेसावा वळणाच्या लेखनात दोन्ही येर परत आले. बोलण्यातून ते कधीच गेले होते. आले ते फक्त नियमानं. तेव्हा एखाद्या पोथीत दोन येर दिसले म्हणून ती जुनी समजू नका. ती रेसावा पद्धतीची, म्हणजे नंतरचीही असू शकते.

पण ही भीती सगळ्या ग्रंथांना सारखी लागू नव्हती. शुभवर्तमानाची नकल करताना हात आखडतो. उलट टोकाला कायदा आहे: सम्राट दुशानची १३४९ ची संहिता, जिला १३५४ मध्ये जोड दिली गेली, ती लोकांच्या बोलीच्या खूप जवळ जाते, कारण कायदा लोकांना कळायला हवा. आपल्या प्राणिकथा या दोहोंच्या मध्ये आहेत. भारदस्त पुस्तकी ढंग आहे, पण ग्रंथ पवित्र नाही. म्हणून लेखनिकाचा हात इथे थोडा सैल सुटतो. तो शब्द बदलतो, ‘आ’ लिहून जातो, चतुर्थी मोडतो. बोली कशी होती हे शोधायचं तर अशा मधल्या ग्रंथांकडे जावं लागतं, ते याचसाठी.

आणि शेवटचा हात: संपादकाचा

मी पोथी म्हणून जे वाचत होते ते खरं तर छापील पुस्तक होतं. जुरो दानिचिच यांनी ‘स्तेफानित आणि इख्निलात’ची संहिता १८७० मध्ये झाग्रेबच्या अकादमीच्या ‘स्तारिने’ या मालेत छापली, ‘भारतीय कथा’ असा मथळा देऊन. दानिचिच म्हणजे वूक काराजिच यांचे सहकारी. १८४७ मध्ये लोकांच्या बोलीतल्या सर्बियन भाषेच्या बाजूनं त्यांनी वादाची पुस्तिका लिहिली, आणि त्याच माणसानं जुन्या सर्बियन वाङ्मयाचा तीन भागांचा कोशही केला. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण कुठलाही संपादक संक्षेप सोडवतो, शब्द तोडतो, विरामचिन्हं घालतो. तोही एक हातच.

‘मग मूळ पोथीच बघायची’, असं तुम्ही म्हणाल. शक्य असेल तिथे जरूर बघा. पण ६ एप्रिल १९४१ ला जर्मन बॉम्बफेकीत बेलग्रेडचं राष्ट्रीय ग्रंथालय जळालं. सुमारे १,४०० हस्तलिखितं आणि सनदा त्यात गेल्या. त्यातल्या काहींची आज फक्त छापील संहिता किंवा एखादं वर्णन उरलंय. अशा वेळी संपादकाच्या सवयी अभ्यासणं हाच पोथीपर्यंत जायचा रस्ता असतो.

तुमच्या कामासाठी

त्या टिपणानंतर मी तक्त्याची रचना बदलली. प्रत्येक रूपापुढे आता चार रकाने असतात: भाषांतरकार, मधली पोथी, हा नकलकार, संपादक. रूप यातल्या कोणाचं असू शकतं तिथे खूण करायची. एकापेक्षा जास्त ठिकाणी खूण होत असेल तर तसंच ठेवायचं, घाईनं एक निवडायचं नाही. सुभाषितं आणि निवेदन वेगळे मोजायचे, कारण पाठ असलेलं वाक्य आणि वाचून उतरवलेलं वाक्य एकाच हातातून वेगळी उतरतात. दोन फांद्यांवर सामाईक असेल ते आधी तपासायचं. आणि ‘किरकोळ’ नावाची फाइल सगळ्यात आधी उघडायची.

हे सगळं करायचं कारण फक्त काटेकोरपणा नाही. ‘हा ग्रंथ आमचा’ असं म्हणायला सर्बियन, बल्गेरियन, रशियन अशा तीन परंपरा उभ्या असतात, आणि प्रत्येकीकडे आपल्या वळणाची पोथी असते. चौथे आपण, मूळ कथा आमची म्हणणारे. अशा जागी अर्धवट तक्ता घेऊन गेलं की तो लगेच कोणाच्या तरी दाव्याच्या कामी येतो. माझं ते बारा पानी टिपण छापलं गेलं नाही, ही माझ्या नशिबाची गोष्ट.

ते अजून माझ्याकडे आहे. परवा पुन्हा काढलं आणि पेन्सिलीच्या त्या दोन शब्दांखाली उत्तर लिहायला बसले. ‘भाषा कोणाची?’ पाच नावं झाली, त्यातल्या तिघांची नावं कोणालाच माहीत नाहीत. तरी त्यांचे हात आता मला थोडे वेगळे ओळखता येतात. तुमच्या पोथीतले किती येतात, ते मोजून बघा.